घेणाऱ्याचं नाव कळलं, विकणाऱ्याचं काय?

संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर बल्क डीलची यादी लागते आणि तासाभरात तिचे फोटो टेलिग्रामपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत फिरू लागतात. अमुक फंडाने तमुक कंपनीचे अडीच लाख शेअर उचलले, त्या ओळीभोवती लाल वर्तुळ, शेजारी वर जाणारा बाण. मग वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, मोठा पैसा शिरलाय, आता भाव थांबत नाही. दुसरा म्हणतो, हा सगळा ऑपरेटरचा, म्हणजे मुद्दाम भाव फुगवणाऱ्याचा खेळ आहे, असल्या शेअरच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघांनीही यादीतली तीच एक ओळ वाचलेली असते. पहिल्याला तिच्यात तेजी दिसते, दुसऱ्याला घोटाळा. त्या ओळीत मुळात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, याकडे मात्र कोणी फारसं बघत नाही.

माझी भूमिका अशी. छोट्या, सट्ट्याच्या शेअरमधला मोठा सौदा ही तेजीची खूण नाही आणि घोटाळ्याचा पुरावाही नाही. विकणारा कोण होता, बाजारात खरोखर फिरणारे शेअर किती, आणि घेणाऱ्याचा फायदा कंपनीच्या धंद्यातून व्हायचाय की भलत्याच कशातून, ही तीन उत्तरं हाती येईपर्यंत त्या सौद्यावरून भावाची दिशा काढता येत नाही. आणि ही उत्तरं सामान्य गुंतवणूकदाराला मिळत नाहीत, याचा दोष त्याच्या आळसाला देऊन चालणार नाही. यादी ज्या पद्धतीने प्रसिद्ध होते ती पद्धतच अर्धी माहिती देते. ती बदलायला हवी.

आधी 'मोठा' म्हणजे किती मोठा ते पाहू. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या जानेवारी 2004च्या परिपत्रकानुसार, एखाद्या ग्राहकाने एका दिवसात कंपनीच्या एकूण नोंदणीकृत शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर घेतले किंवा विकले की तो सौदा बल्क डील ठरतो आणि त्याच दिवशी जाहीर होतो. रिलायन्ससारख्या कंपनीत अर्धा टक्का म्हणजे हजारो कोटी रुपये. आता समजा एका कंपनीचे एकूण चार कोटी शेअर आहेत आणि भाव आहे 18 रुपये. सगळ्या कंपनीची बाजारातली किंमत झाली 72 कोटी, आणि अर्धा टक्का म्हणजे दोन लाख शेअर, 36 लाख रुपये. मुंबईच्या उपनगरात एवढ्यात आज धड वन-बीएचकेसुद्धा मिळत नाही. पण यादीत दोन्ही सौदे एकाच तक्त्यात, एकाच आकाराच्या अक्षरात, एकाच नावाखाली छापले जातात. 'बल्क' हा शब्द वाचून नवख्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोट्यवधी रुपये आणि काचेच्या इमारतीत बसलेले विश्लेषक उभे राहतात. प्रत्यक्षात तिथे 36 लाख रुपये असलेला कोणीही असू शकतो.

ब्लॉक डील हा प्रकार वेगळा, आणि लोक दोन्हींची सर्रास गल्लत करतात. ब्लॉकसाठी सकाळी 8.45 ते 9 आणि दुपारी 2.05 ते 2.20 अशा स्वतंत्र खिडक्या आहेत. भाव आधीच्या भावाच्या ठरावीक पट्ट्यातच असावा लागतो आणि सौदा डिलिव्हरीनेच, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेऊन-देऊनच, पुरा करावा लागतो. किमान रक्कम 2018 पासून 10 कोटी होती, 2025 मध्ये सेबीने ती 25 कोटींवर नेली. आपल्या उदाहरणातल्या 72 कोटींच्या कंपनीत 25 कोटींचा सौदा म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त कंपनी. थोडक्यात, छोट्या शेअरला त्या शिस्तीच्या खिडकीत जागाच नाही. तिथले मोठे सौदे होतात ते भरबाजारात, दिवसभराच्या चढउतारात, आणि त्यांची माहिती येते ती 2004च्या नियमातून.

त्या माहितीची एक ओळ जवळून बघा. तारीख, कंपनी, ग्राहकाचं नाव, खरेदी की विक्री, किती शेअर, सरासरी भाव. बस. आता त्याच तक्त्यात थोडं खाली जा. अनेकदा तेच नाव पुन्हा सापडतं, या वेळी विक्रीच्या रकान्यात. खरेदी 3,12,400 शेअर, विक्री 3,12,400 शेअर, भावात फरक पाच-दहा पैशांचा. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण या साच्याच्या ओळी यादीत रोज असतात. अल्गोरिदमवर चालणारी एखादी फर्म दिवसभरात हजारो छोटे सौदे करते, प्रत्येकातून चार पैसे काढते, आणि बाजार बंद होताना तिच्या हातात एकही शेअर उरलेला नसतो. तिने अर्ध्या टक्क्याची मर्यादा ओलांडली म्हणून नाव आलं, एवढंच. कंपनी साबण बनवते की सॉफ्टवेअर, हेही तिला माहीत असायचं कारण नाही. पण फोटो काढणारा फक्त खरेदीची ओळ कापून घेतो आणि खाली लिहितो, 'बड्या संस्थेची एन्ट्री'. त्या ग्रुपमध्ये कोणीतरी आपल्या पीएफमधून काढलेले पैसे घेऊन बसलेलं असतं. त्या माणसाला कोणी खोटं सांगितलं, असं कायद्याच्या भाषेत म्हणता येत नाही, कारण ओळ खरीच आहे. म्हणूनच मला हा प्रकार सरळ अफवेपेक्षा जास्त घातक वाटतो.

तेजीवाल्यांचा सगळ्यात सबळ मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, जो स्वतःच्या खिशातले पैसे घालतो त्याने अभ्यास केलेला असतो, आणि त्याच्यामागे जाणाऱ्यांचं भलं झाल्याची उदाहरणं आहेत. बडे गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांनी टायटनमध्ये 2002-03च्या सुमारास गुंतवणूक सुरू केली तेव्हा त्या कंपनीकडे फार कोणी ढुंकून बघत नव्हतं. तेव्हा त्यांच्यामागे जो गेला आणि टिकला, त्याचं आयुष्य बदललं. हे खरं आहे. मोठ्या खरेदीदाराला माहिती असू शकते, त्याची चिकाटी आणि चौकसपणा आपल्यापेक्षा जास्त असू शकतो, हे नाकारणं हट्टीपणा होईल. पण या उदाहरणातून नेमकं काय सिद्ध होतं? टायटन ही टाटा समूहातली, चालता धंदा असलेली, घराघरात माहीत असलेली कंपनी होती. झुनझुनवालांचा हिस्सा एका संध्याकाळच्या ओळीतून दिसला नाही. तिमाहीमागून तिमाही, वर्षानुवर्षं भागधारकांच्या यादीत तो टिकून राहिला. मागे जाणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ होता. आणि त्याच माणसाची गुंतवणूक असलेल्या ए टू झेड मेंटेनन्स या कंपनीचा इश्यू, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, डिसेंबर 2010 मध्ये 400 रुपयांनी आला, तो शेअर पुढे काही वर्षांत दोन आकड्यांत आला. झुनझुनवालांना असा फटका सोसत होता, कारण तो त्यांच्या पसाऱ्याचा एक कोपरा होता. त्यांच्या नावावर विसंबून सगळी पुंजी तिथे लावणाऱ्याला तो सोसणारा नव्हता. टायटनची गोष्ट सगळे सांगतात, ए टू झेडची कोणी सांगत नाही, आणि टिकलेल्यांच्याच गोष्टींवरून नियम बांधला जातो.

शिवाय 'स्वतःच्या खिशातले पैसे' हे गृहीतकच तपासायला हवं. आपल्याकडे याच्या उलटी उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. 2011 मध्ये सेबीने जीडीआरच्या प्रकरणात पहिला मोठा आदेश काढला आणि पुढे अनेक वर्षं तशा आदेशांची रांग लागली. त्यातली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. छोटी भारतीय कंपनी परदेशात ग्लोबल डिपॉझिटरी रिसीट (जीडीआर), म्हणजे आपल्या शेअरच्या बदल्यात तिकडे विकायचे कागद, काढते आणि इथल्या एक्स्चेंजला कळवते की इश्यू पूर्ण खपला. प्रत्यक्षात तो सगळाच्या सगळा एका परदेशी संस्थेने घेतलेला असतो, तोही तिकडच्या बँकेकडून कर्ज काढून, आणि त्या कर्जाला तारण म्हणून ठेवलेली असते ती कंपनीला मिळालेली इश्यूची रक्कम. म्हणजे कंपनीच्याच पैशाने कंपनीचेच कागद विकत घ्यायचे. मग त्या रिसीटचे शेअर करून ते परदेशी फंडांच्या नावाने भारतात आणायचे आणि इथल्या माणसांना विकायचे. या साखळीत बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? एका चिल्लर कंपनीत परदेशी पैसा आला. आपल्याकडे परदेशी नावाचा दबदबा अजूनही एवढा आहे की पुढचा प्रश्न विचारायची गरजच कोणाला वाटली नसेल. आणि हा धडा नवाही नव्हता. शेअर दलाल केतन पारेखच्या घोटाळ्यानंतर, नोव्हेंबर 2001 मध्ये, रिझर्व्ह बँकेला ओसीबी म्हणजे अनिवासी भारतीयांच्या मालकीच्या परदेशी कंपन्यांची शेअर बाजारातली गुंतवणूक बंदच करावी लागली, कारण परदेशी पाटीमागे कोणाचा पैसा फिरतोय याचा पत्ता लागत नव्हता.

किंवा करसवलतीचं प्रकरण घ्या. नोंदणीकृत शेअर वर्षभर ठेवून विकला तर नफ्यावर कर नाही, अशी तरतूद 2018च्या अर्थसंकल्पापर्यंत होती. तिचा फायदा घेत काळा पैसा पांढरा केला जात असल्याचा आरोप असलेल्या अनेक पेनी, म्हणजे अगदी चिल्लर भावाच्या, कंपन्यांवर सेबीने डिसेंबर 2014 पासून कारवाई सुरू केली. आरोपाचा सांगाडा असा: धंदा नसलेली कंपनी मोजक्या लोकांना प्रेफरन्शियल पद्धतीने स्वस्तात शेअर देते, वर्षभर थोड्याथोडक्या सौद्यांनी भाव अनेक पटींनी चढवला जातो, आणि मुदत संपली की ठरलेले खरेदीदार पुढे येऊन त्या चढ्या भावाने शेअर घेतात. आता या खरेदीदाराकडे बघा. तो मोठी खरेदी करतोय, चढ्या भावाने करतोय, आणि त्या शेअरवर आपलं नुकसान होणार हे त्याला पक्कं माहीत आहे. त्याला पैसे मिळतात ते दुसऱ्या वाटेने, रोखीने. ज्याला तोटाच करायचाय अशा माणसाची खरेदी म्हणजे अभ्यासू माणसाचा विश्वास, असं समजून त्याच्यामागे जाणाऱ्याचं काय होत असेल?

इतिहासात आणखी मागे जायचं तर मुंदडा प्रकरण आहेच. आयुर्विमा महामंडळ म्हणजे एलआयसी 1956 मध्ये स्थापन झालं. 1957च्या जूनमध्ये या महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. तेव्हाच्या हिशेबाने ही अजस्र खरेदी होती, आणि देशात याहून भारदस्त खरेदीदार दुसरा नव्हता. लाखो पॉलिसीधारकांच्या पैशाचा विश्वस्त, सरकारी मालकी, मागे अर्थखातं. कोणीही म्हणालं असतं, एलआयसीने घेतलंय म्हणजे काहीतरी बघूनच घेतलं असेल. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न विचारले, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, आणि 1958च्या सुरुवातीला मुंबईत उघड सुनावणी झाली. तिथे बाहेर आलं की महामंडळाच्या गुंतवणूक समितीला या खरेदीबद्दल विचारलंही नव्हतं. बाजार सावरण्यासाठी खरेदी केली, हे अधिकाऱ्यांचं समर्थन छागलांना पटलं नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. या प्रकरणाकडे आपण राजकारणातला भ्रष्टाचार म्हणून बघतो. मला त्यात गुंतवणूकदारासाठी जास्त महत्त्वाची गोष्ट दिसते: खरेदीदार कितीही मोठा आणि कितीही विश्वासू असला, तरी त्याच्या खरेदीचं कारण कंपनीच्या दाराबाहेर असू शकतं. छागलांनी 'कोणी घेतलं' हे विचारलं नाही, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, का घेतलं, आणि कोणाकडून?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. 'सगळाच घोटाळा' म्हणणाऱ्यांची चीड मला समजते, तिच्यामागे बहुतेकदा पोळलेला हात असतो. त्यांचा मुद्दा असा की छोट्या शेअरमधला मोठा सौदा म्हणजे आतल्या माणसाने माल गळ्यात मारला, दुसरं काही नाही. पण हेही वाचन तितकंच उतावीळ आहे. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या मालकांचा, हिस्सा 75 टक्क्यांवर नसावा असा नियम आहे, आणि तो पाळण्यासाठी चांगल्या कंपनीच्या प्रवर्तकालाही शेअर विकावे लागतात. प्रायव्हेट इक्विटी फंडाची मुदत संपते, त्याला गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात, मग कंपनी कितीही आवडती असली तरी विकावंच लागतं. भावाभावांत वाटण्या होतात, वारसांना पैसा हवा असतो. आणि ज्या शेअरमध्ये दिवसाला पाच हजार शेअरचीच उलाढाल होते तिथे पाच लाख शेअर विकायचे तर एकगठ्ठा घेणारा शोधण्यावाचून इलाजच नसतो. अशी विक्री दिसली की 'प्रवर्तक पळाले' म्हणून बोंब मारणारे त्या कंपनीवर आणि तिच्या जुन्या भागधारकांवर अन्याय करतात. इचलकरंजीत, जालन्यात, चाकणला अशा प्रामाणिक छोट्या नोंदणीकृत कंपन्या आहेत. त्यांना भांडवल मिळायचं तर मोठ्या सौद्यांची वाट उघडी राहायला हवी.

गावात कोणी एकदम दहा एकर जमीन घेतली तर पारावर पहिला प्रश्न येतो तो घेणाऱ्याबद्दल नाही. विकली कोणी, आणि त्याच्यावर अशी काय वेळ आली? उत्तरावरून जमिनीचा भाव ठरतो. विहीर आटली म्हणून विकली असेल तर एक भाव, पोरीच्या लग्नासाठी विकली असेल तर दुसरा. शेअरच्या यादीत मात्र विकणारा बहुतेक वेळा गायब असतो. घेणारा अडीच लाख शेअर एका खात्यात घेतो म्हणून त्याचं नाव लागतं. विकणाऱ्याने तेच अडीच लाख नातेवाईक, कर्मचारी आणि दोन-तीन खाजगी कंपन्या अशा सहा खात्यांत ठेवलेले असले, की कोणाचीच विक्री अर्ध्या टक्क्यावर जात नाही आणि एकाचंही नाव येत नाही. प्रत्येक शेअर कोणीतरी विकल्याशिवाय विकत घेता येत नाही, हे इतकं उघड आहे की बोलायलाही संकोच वाटावा. तरीही 'मोठी खरेदी' या शब्दांनी आपण भारावतो आणि तेवढ्याच मोठ्या विक्रीचा विचार मनात येत नाही.

ही गोष्ट अपर सर्किटला सगळ्यात स्पष्ट दिसते. शेअरला पाच टक्क्यांचं सर्किट आहे, म्हणजे दिवसात भाव त्याहून जास्त वर किंवा खाली जाऊ शकत नाही, भाव वरच्या टोकाला अडकलाय, खरेदीच्या ऑर्डरींची रांग दहा लाख शेअरची आणि विकायला शून्य. एक्स्चेंजच्या यंत्रणेत एकाच भावाच्या ऑर्डरींत जो आधी आला त्याला आधी माल मिळतो. सकाळी सव्वानऊच्या आधीपासून रांगेत उभे असलेले हजारो लोक आहेत. अशा दिवशी एकाच ग्राहकाला तीन लाख शेअर मिळाले अशी बल्क डील दिसली, तर तो रांगेत इतका पुढे आला कसा, आणि सगळे घ्यायला धावत असताना तीन लाख शेअर सोडणारा कोण होता? शक्यता अनेक आहेत. त्याने खरोखरच पहाटेपासूनच्या हिशेबाने ऑर्डर टाकली असेल. किंवा सर्किट लागण्याआधी माल उचलला असेल. किंवा दोन्ही टोकांना एकाच माणसाची माणसं बसलेली असतील आणि एका हातातला माल दुसऱ्या हातात जात असेल. सौद्यांच्या वेळा बघितल्या तर हे लगेच कळतं. त्या वेळा ग्राहकवार एक्स्चेंजकडे असतात, आपल्याकडे नसतात.

आणि सगळ्यात मोठे सौदे तर या यादीत येतच नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये सेबीने एलएस इंडस्ट्रीजबद्दल अंतरिम आदेश काढला. महसूल जवळपास शून्य असलेल्या या कंपनीचा शेअर 2024च्या जुलै ते सप्टेंबर या दोन महिन्यांत साडेबावीस रुपयांवरून 267 रुपयांवर गेला होता. कंपनीची बाजारातली किंमत 22,000 कोटींच्या पुढे गेली. आदेशानुसार, एका माजी संचालकाने कंपनीचा 12 टक्क्यांहून जास्त हिस्सा, म्हणजे दहा कोटींहून अधिक शेअर, दुबईतल्या एका अनिवासी भारतीयाला एक डॉलरमध्ये दिले होते. एक डॉलर! पुढे त्यातले काही शेअर चढ्या भावाने बाजारात विकले गेले. हा आदेश अंतरिम आहे, आणि दोष कोणाचा किती हे ठरायचं त्या प्रक्रियेत ठरेल. पण वाचकाने एवढं तरी लक्षात घ्यावं: या प्रकरणातला सर्वांत बोलका सौदा बाजाराबाहेर, डिमॅट खात्यातून डिमॅट खात्यात झाला. बल्क डीलच्या यादीत त्याला जागाच नव्हती. ज्या किमतीला तो झाला ती त्या दिवशी लोकांना कळली असती, तर 267 रुपयांनी तो शेअर किती जणांनी घेतला असता?

'बाजार आहे, जोखीम ज्याची त्याने घ्यावी, सज्ञान माणसं आहेत' हे उत्तर यावर नेहमी येतं. त्यात तथ्य आहे. तोटा झाला की सरकारकडे धावायचं आणि नफा झाला की आपली हुशारी, ही वृत्ती मलाही मान्य नाही. पण सज्ञान माणसाने निर्णय घ्यायचा तर माहिती दोन्ही बाजूंकडे जवळपास सारखी हवी. साधना ब्रॉडकास्टचं उदाहरण बघा. 2022 मध्ये या कंपनीबद्दल यूट्यूबवर खोटी माहिती देणारे व्हिडिओ आले, भाव चढला, आणि सेबीच्या आदेशानुसार छोट्या भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली. त्याच काळात प्रवर्तक आणि मोठे भागधारक आपला माल विकत होते. विकणारे कोण, हे त्या पन्नास हजारांवर माणसांना कळलं ते मार्च 2023च्या अंतरिम आदेशातून. अंतिम आदेश आला मे 2025 मध्ये. मार्च 2020 मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, 2024 संपताना ती अठरा कोटींच्या वर गेली. सर्वाधिक गुंतवणूकदार आपल्या महाराष्ट्रात आहेत. यांतल्या बहुतेकांनी 1992चा हर्षद मेहता किंवा 2001चा केतन पारेख घोटाळा पाहिलेला नाही. त्यांना 'सज्ञान' म्हणून सोडून द्यायचं आणि विकणाऱ्यांची नावं कितीतरी महिन्यांनी आदेशात छापायची, याला मी न्याय म्हणत नाही.

आजही काही गोष्टी वाचकाला स्वतः बघता येतात, आणि त्या बघायलाच हव्यात. तेच नाव विक्रीच्या रकान्यात आहे का? त्या दिवशी एकूण उलाढालीत डिलिव्हरी किती टक्के, हे एक्स्चेंज रोज देतं. भागधारकांचा तपशील तिमाही संपल्यावर 21 दिवसांत येतो, त्यात एक टक्क्यावरची नावं असतात. मोठी खरेदी करणाऱ्याचं नाव पुढच्या तिमाहीत तिथे दिसलं नाही तर तो आला आणि गेला. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्रेफरन्शियल इश्यूची तारीख. प्रवर्तक नसलेल्यांना अशा शेअरवर 2022 पासून सहाच महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे विकण्यावर बंदी, आहे. 12 रुपयांनी दिलेल्या शेअरचा लॉक-इन ज्या आठवड्यात सुटतो त्याच आठवड्यात 60 रुपयांना 'मोठी खरेदी' झाली, तर पाणी कुठे मुरतंय हे शोधायला दूर जावं लागत नाही. शेअर एएसएम किंवा जीएसएम या निगराणीच्या यादीत आहे का, हेही दोन मिनिटांत कळतं.

पण मूळ मागणी यंत्रणेकडे आहे. 2004चा नियम हा मोठा सुधार होता, हे मी मनापासून मानतो. केतन पारेखच्या काळात कोण किती उचलतंय याची रोजची कसलीच माहिती नव्हती. अंधारापेक्षा अर्धा उजेड बराच. पण त्याला दोन दशकं उलटून गेली. दरम्यान ब्लॉक डीलचे नियम दोनदा मोठ्या प्रमाणात बदलले, कारण तिथे मोठे फंड आहेत आणि त्यांचा आवाज पोचतो. छोट्या शेअरचा नियम तिथेच राहिला. त्यात तातडीने चार बदल हवेत. एकाच ग्राहकाची खरेदी-विक्री वजा करून दिवसअखेर हातात काय उरलं ते छापावं. सौद्याचं प्रमाण एकूण शेअरशी नव्हे, खुल्या बाजारात फिरणाऱ्या शेअरशी लावावं. नातेसंबंधातली, एकाच पत्त्याची, एकाच मालकाची खाती एकत्र धरून अर्धा टक्का मोजावा, म्हणजे सहा खात्यांत वाटलेला विक्रेता दिसेल. आणि अर्ध्या टक्क्यावरचे बाजाराबाहेरचे व्यवहार, किमतीसह, त्याच यादीत त्याच संध्याकाळी यावेत. आज पाच टक्क्यांच्या आत असाल तर बहुतेक वेळा बाजाराबाहेरच्या व्यवहाराची रोजची जाहीर नोंदच होत नाही. पाच टक्के ओलांडले तर दोन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं.

याने खाजगीपणा जाईल आणि मोठे खरेदीदार छोट्या कंपन्यांपासून दूर पळतील, असा आक्षेप येईल. त्याचा पहिला भाग मला पटत नाही. नाव तर आजही छापलं जातं, मग फक्त खरेदी करणाऱ्याचं छापायचं आणि विकणाऱ्यांचं लपवायचं यात कोणाचा खाजगीपणा राखला जातो? दुसऱ्या भागात थोडी सत्यता आहे, काही पैसा नक्की जाईल. पण जो खरेदीदार कंपनीचा धंदा बघून येतो त्याला आपण कोणाकडून शेअर घेतले हे जगाला कळण्याची भीती नसते. जाईल तो ज्याला ती भीती आहे, आणि तो गेल्याने इचलकरंजीच्या कारखान्याचं काही बिघडत नाही. राहिला खर्चाचा प्रश्न. पॅननिहाय सौदे एक्स्चेंजकडे आहेत, बाजाराबाहेरच्या हस्तांतरणांची कारणासह नोंद डिमॅट खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल आणि सीडीएसएल या डिपॉझिटरींकडे आहे, आणि संबंधित खाती जोडून बघण्याचं काम सेबीचा निगराणी विभाग आजही करतोच, नाहीतर हे आदेश निघालेच नसते. जी माहिती तपासाच्या फाइलमध्ये महिन्यांनी किंवा वर्षांनी लिहिली जाते, ती त्याच संध्याकाळी यादीत लिहायला एक परिपत्रक पुरे आहे.